मेंदूतील बहुरूपी

अयोध्यानगरातील आमच्या ओळीत चार घरे मराठी आहेत. त्यांपैकी शेवटच्या घरातील गृहस्थ भेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गेल्या श्रावणात एके संध्याकाळी ते पावसात भिजत माझ्याकडे आले. सदऱ्याच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दोन कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “सर, आपण एम्. ए. आहात. एवढे वाचून आमच्या आईला मराठीत समजावून सांगा. ती मला रोज विचारते आणि मला सांगता येत नाही.”

मी मराठीचा एम्. ए. आहे, वैद्यकाचा नव्हे, हे त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती. कागद त्यांच्या पत्नीचा होता. त्यांना आम्ही सारे वहिनी म्हणतो. उन्हाळ्यापासून वहिनींच्या बोलण्यातून शब्द गळू लागले होते. प्रथम लाटण्याचे नाव आठवेना, मग पोळपाटाचे, मग धाकट्या नातवाचे. “ते हे द्या, गोल करायचे,” असे त्या म्हणत आणि आपल्याच बोलण्यावर हसत. घरच्यांनाही ते वयाचेच वाटले. विशेष असे की, एकदा सुरू करून दिले की बे एके बे पासून तीसपर्यंतचे पाढे त्या एका दमात म्हणत, आठवड्याचे वार न अडखळता सांगत; पण समोरच्या वाटीला वाटी म्हणता येत नसे. पाठांतर आणि शब्द शोधणे या मेंदूच्या दोन निरनिराळ्या कामगिऱ्या आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे एका पहाटे झटका आला, यंत्रातून मेंदूचे चित्र काढले गेले आणि डाव्या कानामागच्या भागात लिंबाएवढी गाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासून जो अहवाल आला, तो हा कागद.

अहवालातील पहिल्याच ओळीने आम्हा दोघांनाही फसविले. तेथे लिहिले होते, ‘ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच वाइल्डटाइप’. ते गृहस्थ म्हणाले, “सर, वाइल्ड म्हणजे जंगली ना? म्हणजे गाठ जंगली झाली?” मलाही तसेच वाटले होते. माझा एक जुना विद्यार्थी आता विकृतिशास्त्राचा अध्यापक आहे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने हसून खुलासा केला. जनुकांच्या भाषेत ‘वाइल्डटाइप’ म्हणजे जंगली नव्हे; निसर्गात जसे असते तसे, न बिघडलेले. वहिनींच्या गाठीत आयडीएच नावाचे जनुक शाबूत होते. ऐकून मला हायसे वाटले, पण त्याने लगेच सांगितले, “सर, येथे उलटे आहे. ते जनुक बिघडलेले असते, तर बरे झाले असते.”

या एका वाक्याने मी अस्वस्थ झालो, आणि पुढचे दोन महिने शाळेचे काम सांभाळून जे वाचता आले, विचारता आले, ते मी विचारले. वाचकांपुढे ठेवतो आहे ते त्यातलेच. आपल्या या मासिकाचे वाचक भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर असे दूरवर पसरलेले आहेत. कोणाच्या तरी घरी असा कागद आलेला असेल किंवा पुढे येईल.

आपण मेंदू म्हटले की विचार करणाऱ्या चेतापेशीच डोळ्यांसमोर आणतो. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. परंतु जवळजवळ तितक्याच संख्येने तेथे दुसऱ्या पेशी असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो याने १८५६ मध्ये ग्रीक भाषेतून हे नाव घेतले. त्याचा अर्थ सरस किंवा डिंक. चेतापेशींना चिकटवून धरणारा मसाला, एवढीच त्यांची योग्यता त्या काळी मानली जाई. आज आपण जाणतो की घर त्यांच्याच जिवावर चालते. त्यांतील ताऱ्याच्या आकाराच्या पेशी चेतापेशींचे पोषण आणि सफाई पाहतात. दुसऱ्या काही पेशी चेतातंतूंवर विजेच्या तारेवर असावे तसे वेष्टन चढवतात. आणि तिसऱ्या, ज्यांना सूक्ष्म ग्लिया म्हणतात, त्या पहारेकरी आहेत. प्रौढ चेतापेशी सहसा विभागत नाहीत. ग्लिया मात्र विभागू शकतात. मेंदूतच उगम पावणाऱ्या घातक गाठी बहुधा चेतापेशींच्या नसून ग्लियाच्या किंवा त्यांच्या मूळ पेशींच्या असतात, त्याचे एक कारण हे.

१९२६ मध्ये अमेरिकेतील पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग या दोघांनी या गाठींचे पेशींच्या रूपावरून वर्गीकरण केले. त्यांतील सर्वांत उग्र गाठीला त्यांनी ‘ग्लिओब्लास्टोमा मल्टिफॉर्मे’ असे नाव दिले. मल्टिफॉर्मे म्हणजे बहुरूपी. लहानपणी आमच्या गावी दारावर बहुरूपी येत. एक दिवस पोलीस, एक दिवस गोसावी, एक दिवस गरोदर बाई. माणूस तोच असे. या गाठीला यापेक्षा नेमके मराठी नाव मला सुचत नाही. अधिकृत नावातून ‘मल्टिफॉर्मे’ हा शब्द आता गळला आहे. गुण मात्र गेलेला नाही.

माझ्या विद्यार्थ्याने मला सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाठीची एक काचपट्टी दाखविली. गुलाबी पार्श्वभूमीवर जांभळे ठिपके. काही पेशी लांबट, काही गोल, काही प्रचंड मोठ्या आणि त्यांत तीन-तीन, चार-चार केंद्रे. मध्येच मृत पेशींची ओसाड जागा, आणि तिच्या कडेने जिवंत पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या दाटून उभ्या. रक्तवाहिन्या गुंतवळासारख्या गोळा झालेल्या. “हे सारे एकाच गाठीत?” मी विचारले. तो म्हणाला, “एकाच गाठीच्या एकाच कोपऱ्यात.”

डोळ्यांना दिसते ते वेगळेपण वरवरचे आहे की आतूनही आहे, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता, त्याचे कारण तपासण्याच्या पद्धतीत होते. गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातील लाखो पेशी एकत्र कालवायच्या आणि कोणती जनुके काम करीत आहेत ते मोजायचे. शिक्षकांना ही चूक चटकन कळेल. वर्गाची गुणांची सरासरी पन्नास आली, म्हणून वर्गातील प्रत्येक मुलाला पन्नास गुण पडलेले नसतात. कदाचित एकालाही पडलेले नसतात. या सरासरीवरून २०१० मध्ये ग्लिओब्लास्टोमाचे चार उपप्रकार ठरविले गेले, आणि प्रत्येक रुग्णाची गाठ त्यांपैकी एका प्रकारची असे मानले जाऊ लागले. मग एकेक पेशी सुटी करून वाचण्याचे तंत्र आले. २०१४ मध्ये बॉस्टन येथील संशोधकांनी पाच रुग्णांच्या गाठींतील ४३० पेशी अशा एकेक करून वाचल्या, तेव्हा एकाच गाठीत निरनिराळ्या उपप्रकारांच्या पेशी शेजारी-शेजारी सापडल्या. २०१९ मध्ये याच परंपरेतील मोठ्या अभ्यासाने सांगितले की गाठीतील पेशी मुख्यतः चार अवस्थांत आढळतात. पहिली चेतापेशीच्या पूर्वज पेशीसारखी, दुसरी वेष्टन चढविणाऱ्या पेशीच्या पूर्वज पेशीसारखी, तिसरी ताऱ्यासारखी आणि चौथी जखम भरणाऱ्या संयोजी ऊतीच्या वळणाची. आणि महत्त्वाचे हे की या चार जाती नव्हेत. पेशी एका अवस्थेतून दुसरीत जाते. एका अवस्थेची पेशी घेऊन उंदराच्या मेंदूत वाढविली, तर तिच्यापासून पुन्हा चारही अवस्था तयार होतात. सोंग बदलले, माणूस तोच.

शिवाय गाठीत सर्वच पेशी कर्काच्या नसतात. बहुतेक गाठींत तिसरा हिस्सा, कधी निम्म्यापर्यंत, सूक्ष्म ग्लिया आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी असतात. हे म्हणजे पहारेकरी; पण गाठ त्यांना असे काही वश करते की ते चोराशी लढण्याऐवजी त्याला रसद पुरवू लागतात. आणि २०१९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड व जर्मनीत हायडेलबर्ग येथील संशोधकांनी जे प्रसिद्ध केले, ते वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. निरोगी चेतापेशी कर्कपेशींशी प्रत्यक्ष जोडण्या करतात, दोन चेतापेशींत असाव्यात तशा; आणि मेंदूचे नेहमीचे विद्युत्संदेश त्या जोडण्यांतून गाठीला वाढीची चेतना देतात. वहिनी ज्या प्रयत्नाने शब्द शोधीत होत्या, तो प्रयत्नच कदाचित त्या गाठीपर्यंत पोहोचत असेल, असा विचार मनात आला. मी तो त्यांच्या घरी बोललो नाही.

आता उपचाराकडे वळू. आपल्याकडे गाठीला अर्बुद असा जुना शब्द आहे. भास्कराचार्यांच्या गणनेत अर्बुद म्हणजे दहा कोटी. आणि घन सेंटिमीटरभर गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असाव्यात असा ढोबळ हिशेब केला जातो. हा निव्वळ योगायोग. पण मला तो लक्षात ठेवावासा वाटला. सुश्रुतसंहितेत अर्बुदाच्या चिकित्सेत स्पष्ट बजावले आहे की ते निःशेष काढावे, शिल्लक राहिलेला अंश विझवायच्या राहिलेल्या विस्तवाप्रमाणे पुन्हा भडकतो आणि रुग्णाला मारतो. आधीच्या गाठीच्या जागी पुन्हा उठणाऱ्या गाठीला तेथे अध्यर्बुद असे वेगळे नावही आहे. मेंदूच्या बाबतीत हाच उपदेश पाळता येत नाही. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी गाठीची सीमा सोडून निरोगी मेंदूत पाण्यासारख्या झिरपलेल्या असतात. १९२८ मध्ये बाल्टिमोर येथील वॉल्टर डँडी या शस्त्रवैद्याने धाडसाची परिसीमा करून काही रुग्णांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा गोलार्ध काढून टाकला. तरीही रोग हटला नाही.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार. त्याला आपल्याकडे कोणी शेक म्हणतात, इकडे हिंदीत सिकाई म्हणतात. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करून डोके पलंगाला जखडतात आणि आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, असे तीस वेळा किरण देतात. त्याबरोबर टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या, आणि पुढे महिन्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा महिने त्याच गोळ्या. ही पद्धत २००५ पासून रूढ झाली. ५७३ रुग्णांच्या पाहणीत केवळ किरण घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य १२.१ महिने, तर किरण व गोळ्या दोन्ही घेतलेल्यांचे १४.६ महिने भरले. अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप का, असे वाटेल. पण पुन्हा सरासरीचाच धडा. दोन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातले दहा जिवंत होते, दुसऱ्या गटात सव्वीस. म्हणजे गोळ्यांनी सर्वांना थोडे-थोडे दिले नाही. काहींना पुष्कळ दिले आणि काहींना जवळजवळ काहीच नाही.

कोणाला द्यायचे, हे कशावर ठरते? त्याचे एक उत्तर अहवालाच्या तिसऱ्या ओळीत होते, ‘एमजीएमटी मेथिलेटेड’. मुद्रणालयाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे समजणे अवघड नाही. टेमोझोलोमाइड कर्कपेशीच्या जनुकद्रव्यात जागोजागी चुकीची अक्षरे घुसडते, की प्रत काढताना पेशी गोंधळून मरावी. परंतु पेशीत एमजीएमटी नावाचा मुद्रितशोधक बसलेला असतो. तो त्या चुका निमूटपणे दुरुस्त करतो आणि औषध फुकट जाते. काही गाठींत या मुद्रितशोधकाचेच जनुक रासायनिक टिकली लागून मुके झालेले असते. तेथे औषध लागू पडते. अशा मुक्या जनुकाच्या रुग्णांत किरण आणि गोळ्या यांनी मध्यक आयुष्य २१.७ महिन्यांपर्यंत गेले. केवळ किरणांनी ते १५.३ होते. वहिनींचा मुद्रितशोधक मुका होता. कागदावरील सारी बातमी वाईट नव्हती ती एवढ्यापुरती.

आयडीएचचेही तसेच. २००८ मध्ये लक्षात आले की काही रुग्णांच्या गाठीत हे जनुक बिघडलेले असते, आणि ते बहुधा तरुण असतात व अधिक जगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गाठ हुबेहूब तशीच दिसली तरी तो रोगच वेगळा असतो. म्हणून २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने त्यांना ग्लिओब्लास्टोमा म्हणणेच बंद केले. अशा जनुक-बिघाडाच्या मंदगती गाठींवर व्होरासिडेनिब नावाच्या गोळीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. तेव्हा ज्यांच्याकडे जुना अहवाल आहे, आणि त्यात या दोन जनुकांची नोंदच नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना ती तपासणी विचारावी. ठेवून दिलेल्या मेणाच्या ठोकळ्यातील तुकड्यावर ती पुष्कळदा मागाहूनही करता येते.

तरीही गाठ परत येते, बहुतेकांत येतेच. का, या प्रश्नावर आपल्या पुण्या-मुंबईकडे झालेले काम मुद्दाम सांगण्याजोगे आहे. भारतात ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उभारली. पुण्यात जन्मलेल्या या विदुषींना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवून पाहण्याची ही विद्या पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात बहरली. तेथे डॉ. अंजली शिरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माणसाच्या मेंदूतील गाठीच्या ऊतीतून मूलपेशी वेगळ्या करून वाढविल्या आणि २००३ मध्ये त्यांपासून सिद्ध झालेले दोन पेशीवंश प्रसिद्ध केले. त्यांची नावे एचएनजीसी-१ आणि एचएनजीसी-२. पहिला संथ वाढणारा, उंदरात घातला तर गाठ न करणारा. दुसरा झपाट्याने वाढणारा आणि गाठ करणारा. नवल असे की दुसरा वंश पहिल्यातूनच, कोणी काही न करता, आपोआप उपजला. २००७ मधील त्यांच्या लेखात त्याची हकीकत आहे. पहिल्या वंशाच्या पेशी विभागून विभागून म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या जनुकद्रव्याची घडी विस्कटली, आणि त्या गोंधळातून एक अमर शाखा निघाली. तिला कर्कमूलपेशीचे सारे गुण होते. गाठीतील अशा मूठभर मूलपेशी किती समर्थ असतात, ते कॅनडातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले होते. विशिष्ट खूण असलेल्या अवघ्या शंभर पेशींनी उंदराच्या मेंदूत गाठ केली; ती खूण नसलेल्या एक लाख पेशींना ते जमले नाही.

दुसरे काम नवी मुंबईत खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत झाले. डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींवर किरण सोडले आणि मेलेल्यांकडे न पाहता उरलेल्यांकडे लक्ष दिले. २०१५ मध्ये त्यांनी लिहिले की ज्या थोड्या पेशी वाचतात, त्या एकमेकींत विलीन होतात आणि अनेक केंद्रांच्या राक्षसी पेशी बनतात. काही काळ त्या विभागत नाहीत, जणू निजलेल्या असतात. मग जाग्या होतात आणि पुन्हा वाढू लागतात. काचपट्टीवर मला दिसलेल्या त्या तीन-तीन केंद्रांच्या पेशी हे वाचताना आठवल्या.

औषधे शोधणाऱ्यांपुढील अडचण आता वाचकांच्या ध्यानात येईल. एका खुणेवर नेम धरला, तर ती खूण नसलेल्या पेशी उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. ईजीएफआर नावाच्या ग्राहकाचे एक विकृत रूप काही गाठींत आढळते. त्याविरुद्ध लस केली गेली, सातशेहून अधिक रुग्णांना घेऊन पाहणी झाली, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला की आयुष्य वाढले नाही. परत उद्भवलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिकांत ती खूणच नाहीशी झालेली होती. आणि गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही, पण लस न दिलेल्यांतही ती तितकीच नाहीशी झाली होती. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बाहेर काढून, त्यांना शिकवून परत सोडण्याची कार-टी ही पद्धत आता या गाठीवर आजमावली जात आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी मुंबईच्या आयआयटीने व टाटा रुग्णालयाने मिळून तयार केलेल्या अशा देशी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूच्या गाठीचे प्रकरण अधिक बिकट आहे. २०२४ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी तीन रुग्णांना, एकाच वेळी दोन खुणा ओळखतील अशा पेशी दिल्या. काही दिवसांतच गाठी आश्चर्यकारक रीतीने आकसल्या. तिघांपैकी दोघांत तो गुण टिकला नाही.

हे सारे मी वहिनींच्या सासूबाईंना सांगितले काय? नाही. ऐंशीच्या वरच्या त्या माउलीला मी एवढेच सांगितले की गाठ काढली आहे, पण तिचे बी मेंदूत विखुरलेले आहे. शेक आणि गोळ्या त्या बियांसाठी आहेत. आणि कागदात एक गोष्ट अनुकूल आहे. त्यांनी विचारले, “सगळे बी मरेल?” मी म्हणालो, “बहुधा नाही, आजी.” त्यांनी मान हलविली आणि वाती वळायला घेतल्या. खोटा धीर दिला असता, तर त्या मला पुन्हा काही विचारत्या ना, असे मला वाटते.

शेकाचे तीस दिवस भोपाळातच पार पडले. त्यानंतर दुसऱ्या मतासाठी ते दांपत्य पंजाब मेलने मुंबईला गेले. तेथे त्यांच्यापुढे एक संमतीपत्रक आले. काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवावा काय, असे त्यात विचारले होते. नाव उघड होणार नाही, आणि रुग्णाला त्यातून काही लाभ होईलच असे नाही, हेही स्पष्ट लिहिले होते. भाऊंनी तेथूनच मला फोन केला. “सर, सही करू का?” मी त्यांना पुण्याच्या त्या दोन पेशीवंशांची गोष्ट सांगितली. ज्या माणसाच्या गाठीतून ते निघाले, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याला स्वतःला त्याचा उपयोग झाला नसणार. पण त्या पेशींवर आजही काही शिकता येते. “बाकी निर्णय तुमचा आणि वहिनींचा,” मी म्हणालो.

भाऊंनी तो कागद वहिनींपुढे धरला आणि फोन चालूच ठेवला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग वहिनींचा आवाज आला, “अहो, ते हे द्या, लिहायचे.” आणि थोडे थांबून, त्यांचा त्यांनाच सापडलेला शब्द, “पेन.”